परदेशातील पोटाचा जमाखर्च



गेले चार दिवस या व्यासपीठावरून आपण थोर विषय ऐकले. आजचा आमचा विषय त्या मानाने फार खालचा आहे. तो पोटाचा आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले असावे की, आम्ही कामगार कायद्यांवर बोलू. पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट आमच्या पाहण्यात आली आहे. पूर्वी परदेशगमन म्हणजे वकील, डॉक्टर आणि कारखानदार यांचे काम. आता निवृत्त झालेला एसटीचा फिटर, पाणीपुरवठ्यातला मुकादम, प्राथमिक शाळेतल्या बाई, अशी माणसे पतपेढीतली ठेव मोडून आठ दिवस सिंगापूर, बँकॉक पाहून येतात. याचा आम्हांला आनंद आहे. मात्र निघण्यापूर्वी ही माणसे विमानाला भीत नाहीत, ती भितात जेवणाला. तेथे आपल्याला काय मिळेल, ते बाधेल का, आणि त्याचे किती पडतील? या तीन प्रश्नांच्या भीतीपोटी ती जास्तीचे पैसे मोजून मोकळी होतात. त्या भीतीबद्दल आणि तिच्या हिशेबाबद्दल बोलावयाचे आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही नऊजण सिंगापूरला पाच दिवस आणि तेथून बसने मलेशियात तीन दिवस जाऊन आलो. सात पुरुष, दोन वहिनी. बहुतेक सगळे युनियनचे जुने सभासद. खजिनदारी आमच्याकडे होती, कारण तीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे सांभाळण्याचीच आम्हांला सवय.

प्रथम आम्ही एका प्रवासी कंपनीकडे विचारणा केली. त्यांनी दुपारचे व रात्रीचे ‘भारतीय जेवण’ माणशी, वेळेला १५ सिंगापूर डॉलर सांगितले. त्या वेळी एका सिंगापूर डॉलरला साधारण ६२ रुपये पडत. म्हणजे दिवसाला दोन जेवणांचे १,८६० रुपये, चहा आणि फळे निराळी. आमच्यातले नाना म्हणाले, “भाऊ, एवढ्या पैशांत घरी आठवड्याचा बाजार होतो.” नाना पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे आणि मधुमेही. दुसरे आमचे बुवा. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूण वर्ज्य. त्यांचे म्हणणे असे की, पैसे गेले तरी चालतील, पण चिन्यांच्या देशात आपण पाण्यालाही शिवणार नाही. या दोघांच्या मधोमध आमचा अर्थसंकल्प तयार झाला.

तो असा. सकाळी ४ डॉलर, दुपारी ६, रात्री ७, आणि चहा-फळांना ३. मिळून माणशी दिवसाला २० डॉलर. शिवाय अडीअडचणीला म्हणून माणशी रोज २ डॉलर बाजूला. नऊजणांचे पाच दिवसांचे ९०० आणि राखीव ९०, एकूण ९९० डॉलर. हे आकडे आम्ही हवेतून काढले नव्हते. आमच्या एका सभासदाचा भाचा तेथे नोकरीला आहे, त्याच्याकडून दहाबारा पदार्थांचे चालू भाव मागवले होते. कोणी परदेशी निघाला असेल तर त्याने हे एक काम अवश्य करावे. प्रवासवर्णने वाचू नयेत. तेथे मजुरी करणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या माणसाला विचारावे की, तू काल दुपारी काय खाल्लेस आणि किती दिलेस. शहराचा खरा भाव तोच सांगू शकतो.

आता सिंगापुरात सामान्य माणूस खातो कोठे? तो हॉकर सेंटरात खातो. वर छप्पर, चारी बाजूंनी मोकळे, मध्ये टेबले आणि कडेने पन्नास-शंभर छोटे गाळे. एका गाळ्यावर एक किंवा दोनच जातीचे पदार्थ. ही केंद्रे कशी झाली, तो इतिहास आम्हांला तेथल्या जेवणापेक्षाही रुचकर वाटला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या शहरातील बेकार माणसे हातगाड्या घेऊन रस्त्यावर उतरली. नळ नाही, गटार नाही. एकाच बादलीत दिवसभर बशा बुडवायच्या. विषमज्वर आणि पटकी यांची भीती कायमची. १९६८-६९ मध्ये सरकारने सगळ्या फेरीवाल्यांची नोंदणी केली. रस्त्यावरचे सुमारे १८,००० निघाले. त्यांना हुसकून देण्याऐवजी १९७१ पासून नळ, गटार, वीज आणि कचऱ्याची सोय असलेली केंद्रे बांधण्यास सुरुवात झाली, आणि १९८६ पर्यंत रस्त्यावरचे सर्व फेरीवाले छपराखाली आणले गेले. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने या हॉकर संस्कृतीची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. आम्ही मात्र तिची नोंद नळामुळे घेतली. प्रत्येक गाळ्यात वाहत्या पाण्याचा नळ आहे. आमच्या गावच्या खाऊगल्लीत फेरीवाल्यांचा मोर्चा आम्ही दोनदा नेला, तो याच एका नळासाठी. असो.

स्वस्त म्हणजे घाणेरडे आणि महाग म्हणजे स्वच्छ, अशी आपली एक पक्की समजूत असते. ती तपासून पाहण्यास हे शहर फार चांगले. आम्ही गेलो तेव्हा दर गाळ्यावर स्वच्छतेचा दर्जा सांगणारी ए, बी, सी अशी पाटी होती. ही पद्धत १९९७ पासूनची. पुढे तिच्यात बदल होत आले आहेत, तेव्हा जाणाऱ्याने त्या वेळची पाटी समजून घ्यावी. साडेतीन डॉलरच्या भाताच्या गाळ्यावर ‘ए’ आणि काचेच्या दारामागच्या उपाहारगृहावर ‘बी’, असेही आम्ही पाहिले. पण पाटीपेक्षा रांग अधिक बोलते. ज्या गाळ्यापुढे जवळच्या कचेरीतले कारकून आणि टॅक्सीवाले उभे आहेत, तेथील परात वीस मिनिटांत रिकामी होते आणि नवी येते. जेथे गिऱ्हाईक नाही, तेथे सकाळी शिजलेले दुपारी तीनपर्यंत तसेच पडून असते. आमच्या वहिनींनी नियम काढला: कढई समोर पेटलेली दिसली पाहिजे आणि वाफ दिसली पाहिजे. पहिल्या दिवसानंतर गाळा निवडण्याचे काम आम्ही त्यांच्याकडेच सोपवले.

पाण्याचा खर्च तर आम्ही शून्यच धरला होता. सिंगापूरचे नळाचे पाणी सरळ पिता येते. तरीही आमच्यापैकी तिघांनी पहिल्या दिवशी बाटल्या विकत घेतल्याच. मग पाणीपुरवठा खात्यात हयात घालवलेल्या नानांनी हॉटेलातल्या नळाखाली भांडे धरून सर्वांसमोर ते पाणी प्यायले आणि म्हणाले, “क्लोरीन बरोबर आहे.” त्यानंतर बाटल्या बंद.

बुवांचा प्रश्न कसा सुटला, ते ऐकण्यासारखे आहे. चिनी गाळ्यांवर भाजीचा पदार्थ दिसला तरी तो पुष्कळदा डुकराच्या चरबीत परतलेला असतो. मलायी गाळ्यांवर भाजीच्या वाटणात सुकी कोळंबी असते. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. चरबी, मासळी, कोळंबी, अंडे, एकेक नाव घेऊन नको म्हणावे लागते. पहिले दोन दिवस बुवांनी फळांवर आणि वहिनींच्या चिवड्यावर काढले. तिसऱ्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, आम्ही वॉटर्लू स्ट्रीटवर गेलो. तेथे चिन्यांचे क्वान यिम देवीचे मंदिर आणि आपले श्रीकृष्णाचे मंदिर एकाला एक लागून आहेत. देवीचे दर्शन घेऊन आलेले चिनी भाविक जाताजाता कृष्णालाही उदबत्ती लावतात. त्या भागात बौद्ध शाकाहारी जेवणाचे गाळे पुष्कळ. चौकशी केली तेव्हा कळले की, त्यांच्या धर्माच्या पथ्यात मांस-मासळी तर नाहीच, पण कांदा आणि लसूणही नाही. बुवांनी तीनतीनदा विचारून खात्री केली. त्या दिवशी गर्दी फार होती, कारण चिनी महिन्याची पंधरावी तिथी होती आणि अनेकजण प्रतिपदेला व पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात. बुवा म्हणाले, “अहो, आज आपलीही माघी पौर्णिमाच की.” भात आणि तीन भाज्या, साडेतीन डॉलर. ताटात एक तुकडा हुबेहूब माशासारखा दिसत होता. तो सोयाबीनचा आहे हे पटवून देण्यात आमची दहा मिनिटे गेली आणि बुवांनी तो शेवटी बाजूलाच ठेवला. बाकीचे ताट त्यांनी घासूनपुसून खाल्ले. सबंध प्रवासात बुवांएवढे स्वस्त आणि पथ्याचे कोणी जेवले नाही.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे तर हा विषय आम्ही घेतला.

त्याच शनिवारी संध्याकाळी मंडळींना घरच्या चवीची आठवण झाली. तीन दिवस नूडल आणि पातळ सार झाले होते. आम्ही लिटल इंडिया भागातल्या एका वातानुकूलित भारतीय उपाहारगृहात गेलो. भावफलकावर थाळी १४ डॉलर होती. दिवसाचा खर्च आटोक्यात होता, म्हणून आम्ही खजिनदार या नात्याने होकार दिला. बिल आले तेव्हा डोळे उघडले. अशा ठिकाणी भावापुढे अधिकाची दोन चिन्हे छापलेली असतात. एक १० टक्के सेवाशुल्काचे, आणि दुसरे त्यावर ९ टक्के कराचे. १४ चे १६ डॉलर ७९ सेंट झाले. नऊजणांचे १५१ डॉलर. आमच्या अंदाजात रात्रीचे ६३ होते. हॉकर सेंटरात फलकावर जो भाव तोच द्यावयाचा. येथे मात्र फलक वाचून त्यात जवळजवळ पाचवा हिस्सा मनात मिळवावयास हवा होता. ती दोन चिन्हे आम्ही पाहिली होती. ती चव वाढवणाऱ्या मसाल्याची असावीत, असा कोणीतरी विनोदही केला होता.

त्या रागात आमचे लक्ष उरलेल्या भाताकडे गेले. जिऱ्याचा भात जादा मागवलेला, दोन मोठे वाडगे उरला होता. त्याची किंमत फार तर चार डॉलर. आम्ही तो बांधून घेतला. अन्न टाकायचे नाही, ही आमची शिकवण. संपाच्या दिवसांत सभासदांच्या घरी जी चूल आम्ही पाहिली आहे, तिने ती शिकवलेली. खोलीत शीतपेटी नव्हती. पुडके टेबलावर राहिले. सिंगापुरात रात्रीही उकाडा असतो. सकाळी आम्हीच फर्मान काढले की, काल खर्च वाढला आहे, आज ज्यांना चालेल त्यांनी हा भात खाऊन न्याहारीचे पैसे वाचवावेत. किटलीतले उकळते पाणी शिंपडून आम्ही तो गरम केला. नाना आणि एक वहिनी यांनी खाल्ला. नानांनी त्याआधी नेहमीप्रमाणे इन्शुलिन घेतले होते.

दोन तासांत दोघांना ओकाऱ्या सुरू झाल्या. वहिनी मीठ-साखरेच्या पाण्यावर सावरल्या. नानांच्या पोटात काही ठरेना. घाम फुटला, बोलणे अडखळू लागले. इन्शुलिन आत गेलेले आणि अन्न बाहेर पडलेले, याचा अर्थ मधुमेही माणसाच्या बाबतीत काय होतो हे आम्हांला त्या क्षणी कळले. बुवांनी प्रसंगावधान राखून त्यांच्या गालात साखर धरली. रविवार, उघडा दवाखाना शोधण्यात अर्धा तास गेला. डॉक्टरांनी रक्तातील साखर तपासली. त्यांच्या मापात ३.१, आपल्या मापात ५६. तेवढी खाली ती त्या साखरेनंतर होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, ते आम्ही आजही मनात आणत नाही. नाना बेशुद्ध पडले नाहीत एवढेच.

डॉक्टर तमिळ होते. आम्ही आपणहून सांगू लागलो की, साहेब, आम्ही तीन दिवस रस्त्यावरच्या गाळ्यांवर खात आहोत. त्यांनी ते हाताने थांबवले. “कोठे खाल्ले ते राहू द्या. शेवटचे जे खाल्ले ते शिजले केव्हा होते?” आम्ही सांगितले, काल रात्री आठला. मग त्यांनी समजावून दिले. तांदळाबरोबर एका जातीच्या जंतूंची बीजे येतात. बॅसिलस सेरेयस हे त्याचे नाव. भात शिजला तरी ती मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. १९७० नंतरच्या काळात इंग्लंडातील चिनी हॉटेलांत रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देण्याच्या पद्धतीमुळे पुष्कळ माणसे अशीच आजारी पडली होती. आपल्याकडे कोण म्हणेल की, आमच्या सात पिढ्या फोडणीचा भात खात आल्या. खरे आहे. पण त्या पिढ्या थंड मातीच्या घरात राहत होत्या, भात मोजका टाकीत होत्या, आणि त्यांच्या पोटदुखीची नोंद कोणी ठेवलेली नाही. शिळा भात खायचाच तर तो शिजल्यावर लवकर निववून शीतपेटीत ठेवलेला असला पाहिजे.

डॉक्टरांचे ७० डॉलर झाले. प्रवासाचा विमा आम्ही सर्वांनी उतरवला होता. पण त्यात पहिली ठरावीक रक्कम ज्याची त्याने सोसावी असे कलम होते आणि आमचे बिल त्या रकमेच्या आतच होते. विमा घेताना हे कलम वाचावे आणि तेवढे पैसे रोख वेगळे ठेवावेत. आम्ही राखीव ठेवले होते म्हणून नानांच्या उपचारासाठी कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

“शिजले केव्हा” हा डॉक्टरांचा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. त्याच संध्याकाळी नाना झोपल्यावर आम्ही दोघे लिटल इंडियात फिरत होतो. रविवारी तेथे परदेशी मजूर जमतात. बांधकामावरचे, जहाजाच्या गोदीतले, तमिळनाडूचे, बांगलादेशचे. गवतावर बसून घरी फोन करतात. बांगलादेशचा एक तरुण मोडक्या हिंदीत बोलू लागला. तो दुमजली खाटांच्या वसतिगृहात राहत होता. जेवण ठेकेदाराचे, महिन्याला १४० डॉलर पगारातून कापले जात. सकाळचे आणि दुपारचे पुडके पहाटेच येते. ते केव्हा शिजते असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “रात्री. आम्ही झोपतो तेव्हा.” पहाटे पाचला मालवाहू गाडीत बसायचे, पुडके कामावर कोठेतरी सावलीत टांगायचे आणि बाराला उघडायचे. आमटी पुष्कळदा आंबलेली असते. मग? “भात धुऊन खातो.”

बंधुभगिनींनो, त्याच शहरात नियम असा आहे की, गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, आणि बाहेरून मागवलेल्या जेवणावर ते किती वाजेपर्यंत खावे याची वेळ चिकटवावी. शिजल्यापासून चार तास. समारंभाच्या जेवणावर ती चिठ्ठी आम्ही पाहिली. या पोराच्या पुडक्यावर ती असती तर त्याने ते कामावर पोचण्यापूर्वीच टाकून दिले असते. साडेतीन डॉलरमध्ये आम्ही परदेशी पाहुणे ताजे आणि निर्धोक जेवत होतो, आणि ते शहर बांधणारा मजूर दिवसाला साडेचार डॉलरहून अधिक देऊन आंबलेले खात होता. गरीब म्हणून त्याला वाईट अन्न मिळते असे नव्हे. त्याला जेवणाच्या वेळी कढईपर्यंत जाता येत नाही.

येथे आम्हांला गिरणगावच्या खाणावळी आठवल्या. कोकणातून, साताऱ्याहून आलेला गिरणी कामगार मुंबईत एकटा राही आणि कोणा बाईच्या खाणावळीत जेवे. त्या बाईकडे ना पाटी, ना परवाना. पण पाळी सुटण्याच्या वेळेला तिची भाकरी तव्यावर असे. तिचे गिऱ्हाईक ठरलेले, म्हणून अंदाज ठरलेला, म्हणून शिळे उरत नसे. त्या बायांना सावकाराच्या हातून सोडवून १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या स्वतः कामगार चळवळीतल्याच. मालकाच्या फाटकाबाहेर कामगाराला ताजे अन्न कोण देते, हा प्रश्न आमच्या चळवळीने पगाराच्या प्रश्नाइतका गंभीरपणे कधी घेतला नाही, याची आम्हांला आता लाज वाटते. सिंगापूरच्या कामगार संघटनेने तो एका परीने घेतला. १९७३ साली महागाईच्या दिवसांत तिने तोआ पायो वस्तीत सहकारी दुकान काढले. आज ‘फेअरप्राइस’ नावाने तिची दुकाने शहरभर आहेत. आम्ही फळे, दूध आणि पाव तेथूनच घेत असू आणि न्याहारी चार डॉलरऐवजी अडीच डॉलरमध्ये होई. त्या संघटनेची सरकारशी असलेली सलगी आमच्यासारख्याला मानवत नाही, पण तिची केळी चांगली होती.

स्वस्ताईचा भार कोण उचलतो, हेही आम्ही पाहात होतो. गाळ्यांवरची माणसे बहुतेक साठीच्या घरातली. पहाटे चारला येऊन रात्री परत जातात. मुले या धंद्यात येत नाहीत. टेबले पुसणारी माणसे त्याहून म्हातारी. सत्तरीची आजीबाई आमच्या पुढचे ताट उचलू लागली तेव्हा आमच्या वहिनी उठून उभ्या राहिल्या. २०१४ पासून स्थानिक सफाई कामगारांना ठरवून दिलेला किमान पगार दिल्याशिवाय सफाईच्या कंपनीला परवाना मिळत नाही. सुरुवातीला तो हजार डॉलर होता, पुढे टप्प्याटप्प्याने वाढला. आणि २०२१ पासून आपले ताट आपण उचलून ठेवण्याची सक्ती आहे. हलाल ताटांची मांडणी वेगळी असते, ती पाहून ठेवावी.

मात्र आमचे ऐकून कोणी असे समजू नये की, त्या शहरात डोळे मिटून खावे. २००९ च्या एप्रिलमध्ये गेलांग सेराई येथील तात्पुरत्या बाजारातील एका गाळ्यावरचे खाऊन दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि दोन स्त्रिया दगावल्या. कच्च्या मासळीचे जंतू शिजलेल्या पदार्थांत मिसळले होते. २०१५ साली गोड्या पाण्यातील कच्च्या माशामुळे रोग पसरला आणि तो मासा कच्चा विकण्यास बंदी घालावी लागली. म्हणून कच्चे आणि शिजलेले एकाच फळीवर कापले जात असेल, तर तेथून पुढे जावे.

मलेशियात गेल्यावर आमचे एक कलम बदलले. तेथे लोक नळाचे पाणी उकळून किंवा गाळून पितात. आम्ही हॉटेलच्या किटलीत रात्री पाणी उकळून ठेवत असू, आणि पाण्यासाठी थोडे पैसे वेगळे धरले. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाने विषमज्वराची लस टोचून घेतली पाहिजे, असा तेथे कायदा आहे. आपल्या नगरपालिकेने तो वाचावा. एका रिंगिटला साडेसतरा रुपये पडत. रोटी चनाई नावाचा आपल्या पराठ्याचा भाऊ दीड-दोन रिंगिटला मिळे, समोर तव्यावर, वरणात बुडवून. केळीच्या पानावरचे दक्षिणी जेवण दहाबारा रिंगिटला. जेथे आपण बोट दाखवून पदार्थ वाढून घेतो आणि भाव नंतर नजरेने ठरतो, तेथे ताट भरण्यापूर्वी किंमत विचारावी. मलाक्क्यात आम्ही ती विचारली नाही आणि कोळंबीच्या दोन तुकड्यांचे पैसे आमच्यातले दोघे अजून बोलून दाखवतात.

बरोबर काय न्यावे, हे शेजारणी विचारतात. भडंग, मेतकूट, दाण्याचे लाडू, मीठ-साखरेची तयार पुडकी. मेतकूट विशेष, कारण गरम भात कोठेही मिळतो. पण सिंगापूरला जाताना खसखस नेऊ नये. तेथे तिला मनाई आहे, ती अफूच्या बोंडातली म्हणून. आमच्या एका वहिनींनी अनारसे केले होते आणि गोडा मसालाही घेतला होता. दोन्हींत खसखस. निघण्याच्या आदल्या रात्री हे कळले आणि अनारसे आम्ही विमानतळाच्या वाटेवरच संपवले.

परत आल्यावर हिशेबाची सभा झाली. सिंगापूरचा खर्च नेहमीच्या दिवशी माणशी १६ डॉलरच आला होता. त्या एका रात्रीची उधळण आणि डॉक्टरांचे ७० धरूनही एकूण ८८७ डॉलर झाले. ९९० पैकी १०३ उरले. माणशी ११ डॉलर परत देऊन चार डॉलर शिल्लक. ७० डॉलर आमच्या खात्यावर टाकावेत असा ठराव आम्ही स्वतःच मांडला. तो एक विरुद्ध आठ मतांनी फेटाळला गेला. मग ती रक्कम वहीत ‘औषधोपचार’ म्हणून आम्ही लिहिली. नानांनी वही पुढे ओढली, चष्मा लावला आणि म्हणाले, “भाऊ, तुम्हीच आम्हांला शिकवलेत की, खर्चाचे कारण नीट लिहावे.” तो शब्द त्यांनी खोडला, बाजूला सही केली, आणि लिहिले: ‘शिळा भात खाल्ल्याबद्दल डॉक्टर, ७० डॉलर.’